मिस्सेला जाणारी डबी

लास एस्कोबास,
२ एप्रिल

वन्सं,

नाही गं, कुणी डांबून ठेवलेलं नाही तिला. तुझी नात संध्याकाळी उशिरा घरी येते ती स्वतःच्या मर्जीनं, आणि येते पिवळ्या बसनं, शिंगं-शेपटी न फुटता. शाळा दुपारी सुटते. मग त्याच शाळेत दुसरी शाळा भरते. आपण दोघी शाळा सुटली की मागं वळून बघत नव्हतो, ही पोरं सुटल्यावर परत आत जातात. मिरेया म्हणते, 'लिब्रा आजी, त्याला विज्ञान मंडळ म्हणतात.' म्हणू दे. मी 'सुटल्यावरची शाळा' म्हणते.

तिथं काय करतात म्हणून विचारलंस. तुला कळेल असं सांगते, शेवटी आपण एकाच बाकावर बसून सारख्याच नापास झालोय. (म्हणून तर तुला अहो-जाहो करत नाही. वन्सं म्हणते तेवढं पुरे मानून घे.) माझ्या घराच्या खालच्या अंगाला पाटावर तो लाकडी साकव आहे ना, त्याच्याखाली पोरांनी कॉफीच्या डब्यात एक डबी बसवून उलटी टांगलीय, वटवाघळासारखी. ती पाण्याला हाक मारते. आपल्या कानाला ऐकू येत नाही अशी. हाक पाण्यावर आपटून परत येते, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी चढलं की उतरलं ते डबी टिपून ठेवते. तुला फोनवर हाक मारली तर ती परतच येत नाही, म्हणून मी आपली पत्र लिहिते.

तारा जोडताना कथलाचा डाग मिरेयानंच दिला. एक डाग बोटालाही बसलाय, पण तो मिरवायचा आहे. शिकवणाऱ्या बाई मिस प्रुइट, ओहायोच्या, उंच, वाऱ्यावर हलणाऱ्या. फर्मीन अजून आपला पाटकरी आहे. कुणाच्या शेताला कधी पाणी ते अजून तोच सांगतो आणि मिशी अजून काळी करतो. डबी बघून म्हणाला, 'लिब्रादा, ही माझी चाकरी खाणार वाटतं.' मी म्हटलं, 'हिला मिशी नाही, तू निर्धास्त राहा.'

मे महिन्यात मोठ्या गावी सगळ्या शाळांचं प्रदर्शन आहे. तोवर पाण्याची रोजची रेघ काढायची, असं मिरेयाचं चाललंय. डोंगरावर यंदा बर्फ पडलं नाही. पाटाला पाणी कसंबसं. पण तुझ्या पट्टीतलं जर्दाळूचं झाड फुललंय. शेजारची झाडं खराट्यासारखी उभी, आणि हे मधोमध नवरीसारखं.

तुझी भावजय,
लिब्रादा

—

प्वेब्लो,
९ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं. वाचून डोकं धरलं. पाण्याच्या डोक्यावर तारा टांगतात हे ऐकून मी नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केलीय.

मिरेयाला तुझ्याकडे ठेवलं ते तिची आई लष्करातून परत येईपर्यंत. रूबेनच्या गिरणीतल्या पाळ्या सारख्या बदलतात आणि माझ्या गुडघ्यांनी तर रामराम ठोकलाय, नाहीतर माझ्या मुलाची मुलगी दुसऱ्याच्या घरी कशाला राहिली असती. तिनं तुझ्याकडे तोर्तिया लाटायला शिकावं, जपमाळ म्हणावी. डाग द्यायला शिकावं असं मी कुठं म्हटलं?

झाड फुललं त्यात नवल कसलं? लहानपणी मी जर्दाळूची बी माझ्या भावाच्या, एलिसेओच्या अंगावर थुंकले होते. त्यानं ती उचलून मातीत लावली. ते आमच्या घरचं झाड आहे, माझ्या रक्ताला ओळखतं, पाणी असो नसो. तू हौसेनं लावलेली सफरचंदं वाळली, बरोबर ना?

रूबेन म्हणतो, इथल्या शाळेतही असली मंडळं आहेत, चांगली मोठाली. पोरीला हेच करायचं असेल तर बापाजवळ राहून करू दे. मी त्याला सांगितलंय, प्रदर्शनापर्यंत थांब. तिथं तिचं हसं झालं तर पंधरा मेला, आपल्या गावच्या संताच्या, सान इसिद्रोच्या सणाला जाऊन तिला घेऊन यायचं. माझं आणि त्याचं ठरलंय.

क्लेओफास

—

लास एस्कोबास,
२० एप्रिल

वन्सं,

तुझ्या नऊ दिवसांचा भलताच गुण आला. डबी धार्मिक झाली.

ऐक. रविवारचं पाणी संताचं, हे तुला मी सांगायला नको. त्या दिवशी कुणी आपल्या वाफ्याचं पाणी अडवणारी फळी उचलायची नाही, सगळं पाणी सरळ खाली चर्चच्या शेताला. म्हणजे रविवारी साकवाखाली पाणी सगळ्यात जास्त पाहिजे. तर मिरेयाच्या रेघेत काय दिसतं? सहा दिवस रेघ शहाण्यासारखी चालते. रविवारी फादर प्रवचनाला उभे राहिले की खड्ड्यात पडते, आणि शेवटच्या आशीर्वादाला पुन्हा वर येते. प्रत्येक रविवारी. मंडळातली पोरं म्हणतात, डबी चर्चात मिस्सेला जाते. मी म्हटलं, बरंय की, गावातल्या अर्ध्या बाप्यांपेक्षा बरी.

मी हसले, पण मिरेया हसत नाही. मिस प्रुइट म्हणाल्या, 'तारेत काहीतरी बिघाड आहे, किंवा उन्हानं असेल. आठवड्यातून एकदा होतंय म्हणजे नक्की यंत्राचंच.' त्यांना वाटतं, परीक्षकांसमोर सरळ सांगावं की रविवारचे आकडे धरू नका. मिरेया म्हणते, 'डबी खोटं बोलत नाही.' तिनं माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर ती उघडली, बीन्स निवडत होते त्याच्या शेजारी. सगळे स्क्रू बीन्समध्ये. दोघींनी मिळून निवडले. बिघाड काही सापडला नाही. तेव्हापासून जेवताना ताटात चमच्यानं रेघा ओढते, आणि खड्डा आला की थांबते.

पोर असं करते तेव्हा मलाच घास जात नाही. मी चर्चात मागच्या बाकावर बसते, खोकल्यामुळं. ती पुढं गाणाऱ्या पोरींत. गाताना सुद्धा सारखी खिडकीबाहेर पाटाकडं बघते. फादर एकदा प्रवचन थांबवून तिच्याकडं बघत राहिले, तरी हिचं लक्ष नाही.

तू रूबेनला घाई करू देऊ नकोस. ती इथं रुळलीय. सकाळी माझ्याआधी उठून चुलीत लाकडं घालते, आणि मी काही बोलले की उलट बोलते. एलिसेओ गेल्यापासून या घरात मला कुणी उलट बोललं नव्हतं. विसरलेच होते मी, किती बरं वाटतं ते.

फर्मीनला मी विचारलं, रविवारी पाणी कुठं जातं रे? म्हणाला, 'मी चर्चात असतो, तू पण असतेस.' आणि मिशीवरून हात फिरवला.

लिब्रादा

—

प्वेब्लो,
२६ एप्रिल

वहिनी,

पाणी मिस्सेला जात नाही. मी पाटाच्या कडेनं वाढले, मला शिकवू नकोस. पाणी उतरतं ते कुणीतरी फळी उचलल्यावर. सगळं गाव चर्चात बसलेलं असताना कुणीतरी संताचं पाणी चोरतंय, आणि तुमच्या त्या शिकलेल्या बाई तारेला दोष देत बसल्यात.

साकवाच्या वर फळ्या किती? तुझी, माझ्या पट्टीची, आणि त्याच्या वर फर्मीनची. तू चर्चात असतेस. राहिला फर्मीन.

आता एक गोष्ट मी तुला बोलले नव्हते, ती सांगते. माझ्या पट्टीची पाण्याची पाळी मी फर्मीनला देऊन टाकलीय. एलिसेओ गेला त्याच वर्षी. मी इथं, पट्टी तिथं, पाळी वाया जाण्यापेक्षा बरं. नाताळला तो अर्धं कोकरू पाठवतो. तुला सांगितलं असतं तर तू चिडवलं असतंस. म्हणजे बघ, तो माझंही पाणी घेतो आणि वर संताचंही. हावरट मेला.

मी त्याला पत्र लिहितेय. सणाच्या दिवशी पाटावर सगळ्यांसमोर वाचून दाखव, म्हणून लिहितेय. पाटकरीच चोर निघाला तर गावाला कळलं पाहिजे. आणि माझ्या नातीचं यंत्र खोटं नाही, हेही कळलं पाहिजे.

क्लेओफास

—

लास एस्कोबास,
४ मे

क्लेओफास,

फर्मीनला पत्र टाकू नकोस. टाकलं असशील तर पोस्टातल्या बाईला फोन कर, ओरडून सांग, परत मागव. का म्हणून विचारू नकोस. तो माणूस मिशीला रंग लावतो, पण पाणी चोरत नाही. हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे, तेही विचारू नकोस.

प्रदर्शन झालं. मिरेयाचं टेबल एका कोपऱ्यात होतं, शेजारी बटाट्यावर दिवा पेटवणाऱ्या जुळ्या बहिणी. मी निळा झगा घातला होता, आमच्या लग्नातल्या माणसांनी सुद्धा ओळखला असता इतका जुना. परीक्षक टक्कल पडलेला, पाणी खात्यातला, बोलायला गोड. त्यानं रेघ बघितली, खड्ड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, 'हे काय आहे? हेच तर मजेशीर आहे.'

तिच्याकडं उत्तर तयार असणार असं मला वाटलं होतं. आधीचा सगळा आठवडा ती काहीतरी करत होती, मला न सांगता, चिखलाचे बूट घेऊन घरात यायची. तिनं माझ्याकडं बघितलं. चांगलं सरळ बघितलं. मग त्याला म्हणाली, 'तार सैल होती. चूक माझी. रविवार धरू नका.'

मिस प्रुइटचं तोंड उघडंच राहिलं. ती तार त्यांनी स्वतः ओढून बघितली होती, तिकडं निघायच्या आधी. परीक्षक 'बरं' म्हणून बटाट्यांकडं गेला.

परत येताना बसमध्ये तिनं मला खायला अर्धी एम्पानाडा दिली. मोठा अर्धा. मग खिडकीला डोकं लावून बसली. मी चिडवायला दोन-तीनदा सुरुवात केली, पण जिभेला चव नव्हती. काल रविवार होता, मी मिस्सेला गेले नाही. खोकला वाढलाय. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते, भांडं उचलते, ठेवते. कोंबड्यांना दोनदा दाणे टाकले.

हसं झालेलं नाही. कुणी हसलं नाही. तुझ्या अटीत बसत नाही, तेव्हा रूबेनला थांबव. आणि ते पत्र.

लिब्रादा

—

प्वेब्लो,
९ मे

वहिनी,

पत्र कधीच गेलं. पोहोचलंही असेल.

मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं. तीन पत्रं झाली, तिन्हीत त्या माणसाची मिशी आहे. आता तो चोर नाही हे तुला 'माहीत आहे', आणि कसं ते विचारायचं नाही. नाही विचारत. मला कळलं. माझ्या भावाला जाऊन चार वर्षं झाली नाहीत आणि तू पाटकऱ्याला पदराखाली घालतेस. या वयात. त्याच्यासाठी तू माझ्या नातीला चार लोकांत खोटं पाडलंस, हे मी विसरणार नाही.

पोरीनं भर प्रदर्शनात आपली चूक म्हणून सांगितलं, याला आमच्याकडे हसंच म्हणतात. रूबेन सणाला येतोय. तिची पेटी भरून ठेव.

आणि माझ्या झाडाला हात लावू नकोस. ते तुझं नाही.

क्लेओफास

—

लास एस्कोबास,
१६ मे

वन्सं,

आधी मिशीचं उरकते. फर्मीनशी माझं काही नाही. त्याची बायको जिवंत असताना सांगायची की मिशीचा रंग उशीला लागतो, आणि माझ्या उशांचे अभ्रे पांढरे आहेत. झालं.

काल सण झाला. सान इसिद्रोला खांद्यावर घेऊन पाटाच्या कडेनं मिरवणूक, तुला आठवते तशीच. प्रत्येक फळीपाशी थांबायचं, त्या घरचं कुणीतरी पुढं होऊन पाण्यात पाकळ्या सोडणार. फर्मीन सगळ्यांच्या पुढं, आणि त्याच्या छातीच्या खिशात तुझं पाकीट. तुझं अक्षर मला लांबून ओळखता येतं, पाकिटावरचा पत्ता सुद्धा तू भांडल्यासारखा लिहितेस. फोडलेलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा. माझ्या फळीपाशी सगळे थांबले आणि त्यानं ते बाहेर काढलं. तू सांगितलंस तसं तो वाचणार होता. आपल्यावरचा आळ आपणच, मोठ्यानं. असा माणूस, आणि तू त्याला हावरट म्हणालीस.

मी पाकळ्या सोडल्या नाहीत. म्हटलं, 'मूर्ती जरा खाली ठेवा, खांदे दुखतील. मला वेळ लागणार आहे.'

ठेवली.

म्हटलं, 'रविवारचं पाणी मी घेते. फादर प्रवचनाला उभे राहिले की मी खोकत बाहेर येते, ही फळी उचलते, आशीर्वादाच्या आधी परत टाकते आणि खोकत आत जाते. फर्मीनचा काही संबंध नाही. आणि मिरेयाची तार सैल नव्हती. तिची डबी खरं तेच सांगत होती.'

  मग फादर म्हणाले, 'माझं प्रवचन इतकं लांबतं?' मागून कुणीतरी म्हणालं, 'दोन वाफे भिजतात, फादर.' तेव्हा कुठं लोक हसले. हसं झालं म्हणतेस ना, ते हे. माझं.

मिरेया साकवावर उभी होती. मी तिला विचारलं, 'तुला कधी कळलं?'

'प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी. तुझ्या फळीच्या वर मी दुसरी डबी लावली होती. वर पाणी होतं, खाली नव्हतं. मधे फक्त तू होतीस.'

'मग त्या टकलूला सांगितलं का नाहीस?'

'डबी खोटी ठरली तर मला दुसरी करता येते,' म्हणाली. 'तू चोर ठरलीस तर दुसरी कुठून आणू?'

हे शिकवतात बघ सुटल्यावरच्या शाळेत.  

फर्मीननं तुझं पत्र घडी करून खिशात घातलं आणि शिक्षा सांगितली. नियम सगळ्यांना एकच. या हंगामाची माझी पाळी बंद, आणि घरातल्या धडधाकट माणसानं इथपासून चर्चच्या शेतापर्यंत पाटाचा गाळ काढून द्यायचा. सगळे माझ्या घराकडं बघायला लागले, या घरात धडधाकट कोण म्हणून. तेवढ्यात तुझा रूबेन गाडीतून उतरला, इस्त्रीचा सदरा घालून. त्याच्या हातात फावडं कुणी दिलं ते त्यालाही कळलं नसेल.

आज सकाळपासून बाप-लेक पाटात आहेत. तो गाळ काढतो, ती डबीपाशी बसून पाणी किती चढलं ते ओरडून सांगते. मघाशी मी पोसोलेचं पातेलं घेऊन गेले तर तो तिला विचारत होता, 'हाक परत येते ती कळते कशी?' आणि ती त्याला सांगत होती, चिखलात काडीनं काढून. तो ऐकत होता. जेवण गार झालं. मिस प्रुइटनी त्या टकलू परीक्षकाला कळवलंय, तो पुढच्या आठवड्यात साकव बघायला येणार आहे. रविवार परत रेघेत घातलेत, खड्ड्यांसकट. म्हणतात, आता खड्डेच सगळ्यात महत्त्वाचे. खाली 'चोरी' असं लिहू की 'लिब्रा आजी', असं मिरेयानं मला विचारलं. मी म्हटलं, दोन्ही लिही.

रूबेन उद्या निघायचं म्हणतोय, तिला घेऊन. सोमवारी कामावर जायचंय त्याला. पण गाडीची किल्ली सापडत नाही. गाळ काढताना पाटात पडली असं त्याला वाटतं, सगळी पोरं चाळणी घेऊन शोधतायत. दुसरी किल्ली आईकडं आहे म्हणतो, टपालानं मागवू म्हणतो.

आता जे मी पाटावर बोलले नाही ते. ते लोकांचं नाही, तुझं आहे.

चोरलेलं पाणी माझ्या वाफ्यांत थांबलंच नाही. माझी सफरचंदं वाळली, तूच लिहिलंस. तू पाळी फर्मीनला दिलीस, हे मला त्याच उन्हाळ्यात कळलं होतं. तुझ्या पाळीचं पाणी फर्मीनच्या शेतात जायचं आणि तुझं झाड कोरडंच. एलिसेओनं लावलेलं ते. मी माझ्या वाफ्यातून एक चर काढला, कुंपणाखालून, तुझ्या झाडापर्यंत. दर उन्हाळ्यात ते संताच्या पाण्यावर जगलंय. तुझ्या रक्ताला ओळखतं म्हणालीस. ओळखत असेल. पण पितं चोरीचं.

आता माझी पाळी गेली. झाड जगवायचं असेल तर फर्मीनकडून तुझी परत घे, आणि कोकरू सोड.

आणि दुसरी किल्ली पाठवू नकोस. पहिली हरवलेली नाही. पोर जाऊ नये म्हणून मी घेतलीय.

लिब्रादा